कान्तूंच्या घराचं पुढचं दार

एमिल ड्रायरला कोलेटो गावातून गाडी चालवणं नकोसं झालं होतं. गाडी धड होती, रस्ता धड होता, बिघडायचं ते डोकं. चर्चच्या कोपऱ्यावर वळलं की डाव्या हाताला त्यानंच बांधलेलं घर, आणि त्या घराच्या ओसरीला काचा लावलेल्या. पुढच्या वळणावर त्याचंच आणखी एक घर. त्याच्या ओसरीला तर चक्क विटांची भिंत, आणि भिंतीला भगदाड पाडून बसवलेला एसी, खाली टपटप पाणी गाळत बसलेला. आत माणसं भर मे महिन्यात पडदे ओढून टीव्हीपुढे.

"अरे मेल्यांनो," तो गाडीतल्या गाडीत ओरडायचा, "समुद्रावरून वारा येतोय, समुद्रावरून! त्याला आत तरी घ्या!"

ऐकणारं कोणी नसायचं. शेजारी बायको विल्मा असली तर तेवढं म्हणायची, "रस्त्याकडे बघ."

टेक्सासच्या आमच्या ह्या पट्ट्यात उन्हाळाभर आग्नेयेकडून वारा येतो आणि हिवाळ्यात उत्तरेचा वारा हाडं फोडतो. एमिलनं आयुष्यभर एकच गोष्ट केली. घराचं तोंड समुद्राकडे, पाठ उत्तरेला, एका ओळीत खोल्या आणि त्या सगळ्या खोल्यांना मिळून एक लांबच लांब ओसरी. ह्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, आणि ह्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. मोठ्या शहरातल्या मासिकवाल्यांनी त्याला कधी विचारलं नाही, पण आसपासच्या चार तालुक्यांत "ड्रायरचं घर" म्हटलं की लोक मान डोलवायचे. मान डोलवायचे, कौतुक करायचे, आणि दुसरं पोर झालं की सुताराला बोलावून ओसरी बंद करून टाकायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

आता तो पासष्टीच्या पुढे गेला होता. रेघ ओढताना हात थरथरायला लागला होता. त्याला फार काही नको होतं. एक घर, एकच घर असं हवं होतं की जे त्यानं काढलं तसंच उभं राहील आणि ज्याच्यात राहणारी माणसं त्याच्यात तशीच राहतील. तेवढंच मागणं तो देवाकडे मागत होता, आणि देवही बहुतेक काचा लावूनच बसला होता.

अशात कान्तू नवरा-बायको आले. रोहेलिओ कान्तू कोरियाच्या लढाईतून परत आलेला, सैनिकांच्या शिष्यवृत्तीवर शिकून औषधाचं दुकान काढलेला. त्याची बायको हर्लिंडा शाळेत तिसरीला शिकवायची. मेक्सिकन माणसं, रेल्वेच्या रुळांपलीकडे वाढलेली. त्यांनी पीकन पार्क ह्या नव्या वस्तीत जागा घेतली होती, आणि तिथं त्यांच्यातलं हे पहिलंच घर होणार होतं. ह्यावर कुणी मोठ्यानं काही बोललं नाही. आमच्याकडे मोठ्यानं कुणी काही बोलत नाही. जे बोलायचं ते वस्तीची समिती बोलते, घरांचे नकाशे पास करणारी.

जागा बघून एमिलला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. उत्तरेला रस्ता, आग्नेयेला ओढा, मध्ये पीकनची, म्हणजे अक्रोडाच्या जातीची, झाडं. त्यानं आपली नेहमीची पद्धत केली. स्वयंपाकघरातली एक खुर्ची गाडीत टाकून आणायची, मोकळ्या जागेत भर दुपारी ठेवायची आणि घरच्या बाईला सांगायचं, "बसा. जिथं बरं वाटेल तिथं बसा." गावात ह्या खुर्चीची थट्टा व्हायची, पण एमिल म्हणायचा, घर नकाशावर होत नाही, त्या खुर्चीत होतं.

हर्लिंडानं खुर्ची उचलली, पीकनच्या झाडाखाली ठेवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

"अहो, तिकडे काय आहे?" एमिल हसला. "तिकडे धूळ. असं बसा!" आणि त्यानं स्वतः तिला उठवून खुर्ची ओढ्याकडे फिरवली. वारा नेमका त्याच वेळी आला. हर्लिंडाच्या कपाळावरचे केस उडाले. "आता?" त्यानं विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. एमिल इतका खूश होता की पुढचं काही बोलायला तिला जागाच राहिली नाही.

त्यानं महिनाभर खपून नकाशा काढला. रस्त्याकडे घराची पाठ. वर उंचावर बारीक खिडक्यांची एक ओळ, बाकी नुसती भिंत. आत यायचं ते बाजूच्या वाटेनं, ओसरीतून. कोलेटोत कोणाला त्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं, कारण आमच्याकडे पुढच्या दारानं येतंच कोण? पाद्री, विमा एजंट आणि शवपेटी. शेजारी, सोयरे, मित्र, सगळे परसदारानं येतात, स्वयंपाकघरात हॅट काढतात आणि कॉफी मागतात. कुणी पुढची घंटा वाजवली तर घरातले धसकतात.

तरीही समितीनं नकाशा परत पाठवला. पीकन पार्कचा नियम असा की घराचं मुख्य दार रस्त्याकडे असलं पाहिजे आणि रस्त्यावरून दिसलं पाहिजे.

एमिलच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आणि त्याच वस्तीतल्या डॉक्टरचं दार? गॅरेजच्या आड आहे ते! त्याला कुणी विचारलं?"

"डॉक्टरचं नाव कान्तू नाही," विल्मा बटाटे सोलत म्हणाली.

"ते मला कळतं गं!"

"मग ओरडतोस कशाला? माझ्यावर ओरडून दार हलणार आहे का? मॉरीनकडे जा."

मॉरीन स्टॅप ही समितीची प्रमुख. कापसाच्या जिनिंगच्या वारलेल्या मालकाची ही विधवा, एमिलच्या शाळासोबत्याची धाकटी बहीण. एमिलनं तिच्या नवऱ्यासाठी गावात एक घर बांधलं होतं, आणि ते विकून बाई ह्या नव्या वस्तीत विटांच्या डब्यात राहायला आली होती. ते एमिलच्या मनातून गेलं नव्हतं. तो गेला आणि मुद्दाम पुढची घंटा वाजवली.

आत धावपळ झाली. "कोण आहे?"

"मी. एमिल."

"मग तिकडे काय करतोस? मागनं ये की!"

"नाही. आज पुढूनच येणार."

मग घाबरा आवाज, "कोण गेलं रे?"

"कुणी गेलं नाही. तू दार उघड."

काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. दाराला सोफा लावलेला असणार. मग किल्ली फिरली, कडी निघाली, पण दार जागचं हलेना. आमच्याकडची दमट हवा, लाकूड फुगून बसलेलं.

"ओढ ना!" एमिल बाहेरून.

"ओढतेय रे बाबा!"

"मी ढकलू?"

"खबरदार! रंग उडेल!"

अखेर तो हसत हसत घराला वळसा घालून मागून गेला. मॉरीन घामाघूम होऊन स्वयंपाकघरात उभी होती, केसांच्या पिना निघालेल्या. तिनं कॉफी ओतली, पीचचा केक कापून पुढे सरकवला आणि धपकन बसली.

"मॉरीन," एमिल म्हणाला, "तुझ्या घराला पुढचं दारच नाही. भिंतीवर काढलेलं चित्र आहे ते. आणि तू दुसऱ्याला नियम शिकवतेस?"

तिला हसू आवरेना. "चहाटळ आहेस. लहानपणापासून तसाच."

"मग सही कर."

"समितीतले बाकीचे..."

"बाकीचे तुझ्या तोंडाकडे बघतात, मला सांगतेस?"

मॉरीननं बोटांनी टेबलावरचा चुरा गोळा केला. "जाऊ दे. बांधू दे त्यांना हवं तसं. नाहीतरी त्या लोकांना मागनं यायचीच सवय."

एमिलनं ते ऐकलं. नीट ऐकलं. घास तोंडात होता, तो त्यानं गिळला. होकार मिळाला होता, तो आता कशाला बिघडवायचा? त्यानं उरलेली कॉफी पिऊन टाकली, हॅट घातली आणि निघाला. गाडीत बसल्यावर मात्र गड जिंकल्यासारखा त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. त्याच्या डोक्यात आता ते घर उभं होतं, जसं काढलं तसं.

तो तडक रुळांपलीकडे कान्तूंच्या भाड्याच्या घरी गेला. वळसा घालून, सवयीनं, मागून. हर्लिंडा तव्यावर टॉर्टियाच्या पोळ्या भाजत होती आणि रोहेलिओ औषधाच्या दुकानातून येऊन नुकता जेवायला बसला होता.

"पुढचं दार उघडंच होतं, साहेब," हर्लिंडा म्हणाली.

"असू दे हो. जिंकलो आपण!" एमिलनं मॉरीनच्या दाराची सगळी गंमत सांगितली, तिचा आवाज काढून दाखवला. रोहेलिओ हसला, पण हसता हसता बायकोकडे बघत होता. हर्लिंडा तव्यावरची टॉर्टिया उलटायची विसरली.

"थोडक्यात काय," एमिल म्हणाला, "रस्त्याकडे दार लावायची गरज नाही!"

रोहेलिओनं ताट बाजूला सारलं.

"तू सांग," हर्लिंडा नवऱ्याला म्हणाली.

"मी नाही. तुझं तू सांग."

तिनं तवा उतरवला. "साहेब, आम्हाला दार हवंय."

"कुठलं दार?"

"पुढचं. रस्त्याकडे. मोठं. दोन पायऱ्या आणि वर दिवा. समितीनं नाही म्हटलं तेव्हा मला, खरं सांगू, बरं वाटलं होतं. म्हटलं आता तरी तुम्ही काढाल."

एमिलला वाटलं आपल्याला ऐकूच येईनासं झालंय. "अहो, मग आधी का नाही बोललात? मी तिकडे भांडतोय, डोकं फोडून घेतोय..."

"बोलणारच होते. त्या दिवशी खुर्ची मी रस्त्याकडेच केली होती. तुम्ही फिरवलीत."

"वाऱ्यासाठी फिरवली, बाई! वाऱ्यासाठी! आणि पुढच्या दारानं येतं कोण? सांगा! ह्या गावात सगळे मागून येतात. मी आत्ता कुठून आलो?"

"तुम्ही मागून येता कारण तुम्हाला कुठूनही चालतं," हर्लिंडा म्हणाली. तिचा आवाज शाळेतल्यासारखा स्वच्छ होता, फक्त हात कमरेचं फडकं पिळत होते. "माझी आई मागून जायची कारण तिला पुढून येऊ देत नसत. स्टॅपबाईंच्या त्या जुन्या घरात ती इस्त्री करायची. तुम्हीच बांधलेल्या. मी मागच्या पायरीवर बसायची. वारा छान यायचा, साहेब, कशाला खोटं बोलू? म्हणून तर तुमच्याकडे आले. पण त्या घरात मी पुढून एकदाही गेले नाही. त्यांच्या मुलीच्या वाढदिवसालाही नाही. केक मला पायरीवर आणून दिला."

एमिल उभाच होता. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखीनच राग आला. "अहो, पण दार तिकडे केलं तर मधून बोळ काढावा लागेल. घराचे दोन तुकडे होतील! उत्तरेचा वारा सरळ आत घुसेल. जानेवारीत बोंबलाल!"

"बोंबलू की," रोहेलिओ पहिल्यांदाच बोलला. "आपल्याच दारात बोंबलू."

एमिल घरी आला तो दारं आपटत. विल्मानं त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो जेवला नाही, बडबडत राहिला. लोकांना अक्कल नाही, लोकांना आपलं भलं कळत नाही, काचा लावणारे एक तऱ्हेचे आणि हे दुसऱ्या तऱ्हेचे. काम सोडून देतो. दुसरा कुणीतरी गाठतील, बांधतील विटांचा डबा.

"दे सोडून," विल्मा म्हणाली.

"देतोच."

"दे की. मी कुठं धरलंय?"

मग बऱ्याच वेळानं, खाली मान घालून म्हणाला, "मॉरीन एक बोलली. म्हणाली, नाहीतरी त्या लोकांना मागनं यायचीच सवय."

"मग तू काय म्हणालास?"

"कॉफी प्यायलो."

विल्मानं त्याच्याकडे पाहिलं, त्याचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही. एमिलला तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो नकाशापुढे बसला. कसंतरी उरकावं असं मनात होतं, पण वाईट काम करायची ह्या माणसाला कलाच अवगत नव्हती. त्यानं इतक्या आवडीनं आखलेल्या खोल्यांची ओळ मधोमध कापली. रस्त्यापासून ओसरीपर्यंत सरळ बोळ काढला. प्रत्येक रेघेला चरफडला. खोडरबरानं कागदाला भोक पडलं, तेव्हा त्या भोकालाही शिव्या दिल्या. दारासाठी त्यानं सायप्रसचं लाकूड निवडलं, ते फुगत नाही. दार बसवलं तेव्हा ते एका बोटानं उघडतंय की नाही हे स्वतः तपासलं आणि सुताराला तीनदा बिजागऱ्या काढायला लावल्या.

बांधकामाआधी मॉरीनकडे नवा नकाशा नेला तेव्हा ती भडकली होती. "दार हवंच होतं तर माझी शोभा कशाला केलीस रे? सगळ्या गावात झालंय, मॉरीनचं दार उघडत नाही म्हणून!"

"नियमात बसतंय ना? कर सही."

"आणि त्या बाईला एवढं मोठं दार कशाला हवंय?"

ह्या वेळी कॉफी पुढे आलेली नव्हती. "आत यायला," एमिल म्हणाला, आणि तिनं सही करेपर्यंत उभा राहिला. उत्तर बरोबर होतं, पण फार उशिरा सुचलं होतं, आणि ते त्यालाही कळत होतं.

पुढच्या मे महिन्यात घर पूर्ण झालं. हर्लिंडानं निरोप दिला, रविवारी या, माझी आई पहिल्यांदा घर बघायला येणार आहे. एमिल आणि विल्मा आले, दोन पायऱ्या चढून, पुढच्या दारानं. एमिलला स्वतःच्याच बांधलेल्या घरात पाहुण्यासारखं अवघडल्यासारखं झालं. दार तांबडं रंगवलेलं होतं. हर्लिंडानं नवा झगा घातला होता आणि सकाळपासून ती त्या दारापासून हलली नव्हती. रोहेलिओ गाडी घेऊन सासूला आणायला गेला होता. विल्मा स्वयंपाकघरात मदतीला गेली. एमिल बोळात उभा राहून छताचे सांधे बघत होता, नवीन दोष सापडतोय का म्हणून.

गाडी रस्त्यावर थांबली. हर्लिंडाची आई निकानोरा उतरली, काळ्या कपड्यांतली ठेंगणी म्हातारी, हातात फडक्यात बांधलेलं, मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेंचं पातेलं. तिनं घराकडे पाहिलं. तांबड्या दाराकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहून तोंडभर हसली, हात वर केला, आणि हिरवळीच्या कडेनं, बाजूच्या वाटेनं चालू लागली.

"आई!" हर्लिंडा ओरडली. "आई, इकडून! दार इकडे आहे!"

"हो गं, दिसलं! छान आहे!" म्हातारीनं चालता चालताच उत्तर दिलं. "हातात पातेलं आहे, पायाला माती आहे. मी येते मागनं!"

"आई, अगं..."

पण म्हातारी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. रोहेलिओ गाडीपाशी किल्ल्या हातात घेऊन उभा होता. हर्लिंडा पायरीवर एक पाय टाकून तशीच थांबली.

मागून ओसरीचं जाळीचं दार वाजलं. पातेलं ठेवल्याचा आवाज आला. आणि मग निकानोराचा आवाज बोळातून सगळ्या घरभर आला.

"अगं बाई गं! काय वारा आहे इथं! विलक्षणच! हर्लिंडा, ये की इकडे, बस माझ्याजवळ, तिथं उन्हात काय उभी राहिलीस? मी सांगते तुला, ही जागा अशीच ठेवा हं, काही काचाबिचा लावू नका!"

एमिल ड्रायरनं आयुष्यभर हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. आत्ता ते कानावर पडलं आणि त्याला वाटलं, हा वारा आज तरी पडायला हवा होता. म्हातारीनं वैतागून म्हणायला हवं होतं, इथं मागं गुदमरतंय, मी पुढे येते. त्यानं खालचा ओठ चावला. एवढं चोख काम कशाला केलं, म्हणून तो स्वतःवर चिडला.

हर्लिंडानं डोळे पुसले नाहीत, नुसती मान फिरवली. तिचा हात दाराच्या कडीवर होता.

"लावून घेऊ का हे, साहेब?" ती म्हणाली. "येणारं कुणी नाही आता."

एमिलनं बोळातून मागे पाहिलं. ओसरीतला वारा आत शिरून, त्याच्या अंगावरून जाऊन, ह्या दारातून बाहेर पडत होता. म्हातारीच्या डोक्यावरचा रुमाल फडफडत होता. कधी नव्हे ते त्याला खोटं बोलावंसं वाटलं, पण खरं सांगूनच भागत होतं.

"लावलंत तर तिकडचा वारा जाईल," तो म्हणाला. "हे उघडं आहे म्हणून आईला तिथं वारा लागतोय."

"मग राहू दे," हर्लिंडा म्हणाली, आणि दार धरून उभी राहिली.